चित्रकथेचं पान आणि रेकॉर्डची बाजू : क्रम मोडला की काय हरवतं?

कोमलऋषभ

नमस्कार मंडळी,

कॉमिक्स आणि जुने म्युझिक अल्बम, दोन्हींचं वेड असलेले इथे बरेच जण आहेत. पण कॉमिक्सचे धागे वेगळे पडतात आणि गाण्यांचे वेगळे. मला दोन्हींबद्दल एकत्र बोलायचंय, कारण या दोन्ही कलांचा जीव एकाच गोष्टीत आहे असं माझं ठाम मत आहे. कशानंतर काय येतं, आणि वाचणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला नेमकं कुठे थांबवायचं, ती ही गोष्ट. पान उलटेपर्यंत पुढची चौकट दिसत नाही. एलपीची एक बाजू संपली की सुई उचलून तबकडी पालटावी लागते. ही दोन्ही कामं आपल्या हातून होतात आणि चांगल्या कलाकारांनी ती हिशेबात धरूनच काम केलेलं आहे. आता आपण गाणी सुटी ऐकतो, कॉमिक्सच्या सुट्या चौकटी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो, आणि वर विचारतो की अमुक अल्बमचं लोकांना एवढं काय कौतुक!

मोघम बोलण्यापेक्षा उदाहरणंच देतो.

बीटल्सचा 'अ‍ॅबी रोड', 1969. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'आय वाँट यू'. जवळजवळ आठ मिनिटांचं. उत्तरार्धात गिटारची तीच ती जड ओळ पुन:पुन्हा येत राहते, मागून सिंथेसायझरचा वाऱ्यासारखा घोंघाट चढत जातो. आता हे कसं संपणार, हळूहळू विरणार की मोठा ठोका देऊन थांबणार, असं वाटत असतानाच आवाज कापला जातो. सम नाही, तिहाई नाही, काही नाही. लेननने तिथे टेप सरळ कापायला लावली होती. एलपीवर यानंतर काय होतं? शांतता. तुम्ही उठता, तबकडी पालटता, सुई ठेवता, आणि जॉर्ज हॅरिसनची स्वच्छ अकूस्टिक गिटार सुरू होते, 'हिअर कम्स द सन'. मधली ती शांतता अल्बमचाच भाग आहे. सीडीवर आणि मोबाईलवर हाच बदल दोन-तीन सेकंदांत उरकतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की फाइलच खराब आहे. त्या काळी ब्रिटन-अमेरिकेत निघालेल्या कॅसेटवर तर दोन्ही बाजूंची लांबी सारखी व्हावी म्हणून 'कम टुगेदर' आणि 'हिअर कम्स द सन' यांची अदलाबदल केली होती. म्हणजे सूर्य पहिल्याच मिनिटाला उगवून मोकळा! लांबीचा हिशेब जमला आणि अल्बमचा बिघडला.

आता आपल्याकडचं घ्या. 'कॉल ऑफ द व्हॅली', 1967. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, असा त्याचा आराखडा. पहाटेला अहिर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, मग संध्याकाळचा भूप, रात्रीचा देस, आणि शेवटी पहाडी. रागांची वेळ ही कल्पना आपल्याकडे शेकडो वर्षं आहे. पण एका मैफलीत अख्खा दिवस बसवणं अवघड, कारण मैफल एकाच प्रहरात होते. एलपीवर मात्र वेळ गोळा करून ठेवता येतो, हे या मंडळींनी ओळखलं. पिलू संपवून बाजू पालटली की भूप लागतो. दुपार पहिल्या बाजूवर राहते, संध्याकाळ दुसरीवर येते. मधल्या काळाचं कुणी काही सांगत नाही, तो आपल्या मनात सरकतो. कॉमिक्समध्ये दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत हेच होतं. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत जमिनीवर पडलेला माणूस. ठोसा कुणी काढलेलाच नसतो, तो आपण पाहतो.

1995च्या सीडीत या पाच तुकड्यांनंतर आणखी तीन तुकडे जोडले आहेत. वादन उत्तमच आहे. पण पहाडीनंतर मेंढपाळाचा दिवस संपलेला असतो. रात्र झाल्यावर पुन्हा काहीतरी सुरू होतं आणि सगळा घाट ढासळतो. जादा देण्याच्या नादात त्यांनी अल्बमचा शेवट काढून घेतला असं मला मनापासून वाटतं. पहाडी संपला की मी बंद करतो.

चित्रकथांकडे येतो. बेल्जियन चित्रकार एर्जेचं 'टिनटिन इन तिबेट' आधी टिनटिन साप्ताहिकात 1958-59 मध्ये हप्त्याहप्त्यांनी आलं. हप्त्याने काम करणाऱ्याला प्रत्येक पानाच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेवावं लागतं, आणि एर्जे त्यात उस्ताद होता. उजव्या कोपऱ्यातल्या खालच्या चौकटीत कुणीतरी दचकून बघतोय, कुणाचं तरी बोट कशाकडे तरी वळलंय, आणि कशाकडे ते उलटल्याशिवाय कळणार नाही. याच कथेत सुरुवातीला टिनटिन हॉटेलात बुद्धिबळाच्या पटासमोर पेंगतो आणि झोपेतच 'चँग' म्हणून ओरडतो. त्या एका हाकेसाठी एर्जेने मोठी चौकट मोकळी सोडली आहे. अख्खी खोली हादरलेली, माणसं उडालेली, वस्तू उधळलेल्या. ती चौकट सुटी पाहिली तर विनोद आहे. आधीच्या शांत, छोट्या चौकटींमागून आली की ती हाक कानावर आदळते. आणि पुढे जेव्हा बर्फच बर्फ सुरू होतं, पानंच्या पानं पांढरी होतात, तेव्हाही ती हाक मागे घुमत राहते. एर्जेला त्या काळात पांढऱ्या रंगाची भयाण स्वप्नं पडायची. त्याचं हे सगळ्यात सुंदर काम आहे, माझ्या मते सगळ्या टिनटिनमध्ये पहिल्या नंबरचं. या कथेत खलनायक कुणीच नाही.

तुमच्याकडची अशी उदाहरणं ऐकायला आवडतील. विरोधी मतंही येऊ द्या.

जुनीरद्दी

धागा आवडला. इंद्रजाल कॉमिक्सचा उल्लेख अजून झाला नाही म्हणून मी हजर.

टाइम्स ऑफ इंडियावाल्यांचं इंद्रजाल मार्च 1964 ला सुरू झालं आणि 1990 पर्यंत चाललं. 800 च्या वर अंक निघाले, त्यातले निम्म्याहून जास्त वेताळाचे, म्हणजे फँटमचे. तुमचा क्रमाचा मुद्दा त्या अंकांवर ताडून पाहा, एक गंमत दिसेल. ली फॉकचा वेताळ मुळात 1936 पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज एक पट्टी असा यायचा. एका पट्टीत तीन-चार चौकटी. पहिल्या चौकटीत कालचं थोडं आठवण करून द्यायचं, शेवटच्या चौकटीत उद्यासाठी उत्सुकता ठेवायची. इंद्रजालने त्या पट्ट्या कापून, चौकटी छाटून पानावर मांडल्या. म्हणून त्या अंकांत दर थोड्या चौकटींनी गोष्ट जरा दम घेते आणि पुन्हा पळते. लहानपणी हे कळायचं नाही, पण वाचताना जी एक लय लागायची ती त्या पट्टीची होती.

1976 साली आबिद सुरतींनी बहादूर आणला. चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. डाकूचा मुलगा, भगवा कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंविरुद्ध गावकऱ्यांना उभं करणारा. तो इंद्रजालसाठीच लिहिला-काढला गेला, त्यामुळे त्याच्यात पट्टीचे ते थांबे नाहीत. गोष्ट पानाच्या मापाने चालते. वेताळाचा एक अंक आणि बहादूरचा एक अंक शेजारी ठेवून वाचा, फरक लगेच जाणवेल. माझ्या मते चित्रकलेत साय बॅरीचा वेताळ फार वरचा, त्याचं जंगल म्हणजे जंगल आहे. पण गोष्ट सांगण्याची बैठक बहादूरची जास्त पक्की. बहादूरचं मोल आपण कधी नीट केलंच नाही.

तिरकिट

कोमलऋषभ, लिहिलंय छान, पण मी सहमत नाही. क्रम क्रम म्हणून आपण ज्याला डोक्यावर घेतोय तो पुष्कळदा तबकडीच्या मापाने ठरलेला असतो. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-पंचवीस मिनिटं बसतात. एवढंच बसतं म्हणून एवढंच गायलं. त्याला कलेचा निर्णय कसं म्हणायचं?

आणि आपल्या संगीताची सगळ्यात मोठी ठेव तर त्याआधीच्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, तबकड्यांवर आहे. तीन-साडेतीन मिनिटं, की संपलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'जमुना के तीर' भैरवी घ्या. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही, आणि तरी ती पूर्ण आहे. केसरबाईंचं 'जात कहां हो' घ्या. साडेतीन मिनिटांत बाई भैरवीत काय काय दाखवून जातात! त्याला कुठला अल्बम लागतो आणि कुठली बाजू लागते?

चित्रांतही तेच. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा 'चिंटू' 1991 पासून 'सकाळ'मध्ये यायचा. रोजची पट्टी रोज पूर्ण. काल काय झालं हे माहीत नसलं तरी आज हसू यायचं. सुटं असणं म्हणजे अपुरं असणं नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

अनघा_स

तिरकिट यांचा मुद्दा पटला, पण मला लगेच गीतरामायण आठवलं आणि पुन्हा धागाकर्त्यांच्या बाजूला गेले.

1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. आठवड्याला एक गीत, एकूण 56. आज आपण काय ऐकतो? बहुतेक वेळा 'पराधीन आहे जगती'. समारंभात, श्रद्धांजलीच्या सभेत, कुठेही. सगळ्यांना लागू पडेल असं तत्त्वज्ञान म्हणून ते ऐकलं जातं, आणि पडतंही लागू.

पण ते जिथे आहे तिथे ऐका. आधी भरत आपल्या आईवर कडाडतो, 'मात न तू वैरिणी'. मग चित्रकूटावर लक्ष्मणाला भरताचं सैन्य येताना दिसतं, त्याला वाटतं हा चालून आला, आणि तो रामाला शस्त्र उचलायला सांगतो, 'चापबाण घ्या करी'. सलग दोन गाणी संतापाची. त्यानंतर राम बोलतो, आणि पहिल्याच ओळीत भरताला नावाने हाक मारतो. समोर वडील गेल्याची बातमी घेऊन आलेला, अपराधाच्या ओझ्याने वाकलेला धाकटा भाऊ आहे, आणि थोरला त्याला सांगतोय की यात तुझा दोष नाही, कुणाचाच नाही. वडील गेल्याचं दु:ख स्वत:लाही आहे, ते बाजूला ठेवून सांगतोय. आणि लगेच पुढचं गाणं भरताचं, 'तात गेले, माय गेली'. म्हणजे इतकं समजावूनही भरताचं समाधान झालेलं नाही! सुट्या गाण्यात राम अंतिम सत्य सांगून जातो. मालिकेत तो भावाला समजावतो आणि भाऊ ऐकत नाही. मला दुसरा राम जास्त जवळचा वाटतो.

आणखी एक. पहिल्या गीतात कुश-लव रामासमोर रामायण गातायत. छप्पनाव्या गीतात वाल्मीकी त्याच मुलांना सांगतात, जा, गा रामायण. शेवट थेट सुरुवातीला जाऊन भिडतो. वर्षभर आठवड्याला एक असं ऐकणाऱ्यांना शेवटच्या आठवड्यात हे लक्षात आलं असेल तेव्हा काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

कोमलऋषभ

अनघाताई, 'तात गेले, माय गेली' लगेच मागून येतं आणि 'पराधीन'चा अर्थ बदलतं, हे इतक्या नेमकेपणाने मी कुठेच वाचलं नव्हतं. मन:पूर्वक आभार. शेवट सुरुवातीला भिडण्याचं म्हणाल तर अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्सच्या 'वॉचमेन' या कॉमिकमध्ये अगदी तेच आहे. पहिली चौकट, गटाराच्या कडेला पडलेला हसऱ्या चेहऱ्याचा पिवळा बिल्ला, त्यावर रक्ताचा एक ओघळ. बारा अंकांनंतरची शेवटची चौकट, एका जाड्या मुलाच्या शर्टावर तोच हसरा चेहरा, त्यावर सांडलेला केचपचा ओघळ. अंक 1986-87 मध्ये सुटे निघाले, त्यामुळे पहिल्या वाचकांना या दोन चौकटींच्या मध्ये कितीतरी महिने वाट पाहावी लागली होती.

त्याचा पाचवा अंक तर मुद्दाम काढून पाहा. पहिल्या पानाची मांडणी आणि शेवटच्या पानाची मांडणी आरशातल्यासारखी एकमेकांना जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, असं करत करत मधल्या जोडपानावर, जिथे हल्ला होतो, तिथे आरसा येतो. पहिल्या वाचनात हे डोळ्यांना कळत नाही, पण अंगाला कळतं. काहीतरी बांधलेलं आहे, सुटका नाही, असं वाटत राहतं. आणि अंकाचा विषयही तोच आहे, सापळा.

तिरकिट, 78 च्या तबकड्यांबद्दल. 'जात कहां हो' स्वत:त पूर्ण आहे, त्यावर वाद नाही. पण तुम्ही नेमकं असं उदाहरण दिलंत की मला बोलावंच लागेल. तेच ध्वनिमुद्रण 1977 साली नासाच्या व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोन्याच्या तबकडीवर गेलं. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई अवकाशात आहेत ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या आगेमागे काय आहे ते सहसा कुणी बघत नाही. आधी चीनमधलं छिन वाद्य, सात-साडेसात मिनिटं एकटं वाजणारं, वाहत्या पाण्यावरचं. मग केसरबाई. मग आंधळ्या विली जॉन्सनचं 'डार्क वॉज द नाइट', ज्यात शब्दच नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि स्लाइड गिटार. आणि शेवटी बेथोव्हेनच्या तेराव्या क्वार्टेटमधलं कॅव्हटिना.

हे चार तुकडे याच क्रमाने ऐका. केसरबाईंचा तो खणखणीत, हुकमी आवाज संपतो आणि विली जॉन्सनचं कण्हणं सुरू होतं, तेव्हा भैरवीतली विनवणी जास्त उघडी पडते. 'कुठे निघालास' हा प्रश्न केसरबाई विचारतात, आणि पुढचा माणूस रात्रीच्या अंधारात बेघर आहे. निवडणाऱ्यांनी हे जाणून केलं की सहज झालं, मला त्याने फरक पडत नाही. पूर्ण असलेली गोष्टसुद्धा शेजार बदलला की आणखी काही बोलते.

आणि मापाबद्दल म्हणाल तर बंधन आणि निर्णय यांत भांडण नाही. ओवीलाही माप असतं. वीस मिनिटं एवढं बंधन सगळ्यांनाच होतं. त्यात अख्खा दिवस बसवायचं सुचलं ते मात्र थोड्यांना.

माटुंगेकर

उत्तम चर्चा चाललीय. मी वेगळ्या बाजूने येतो. क्रम राहू द्या, मूळ कलाकृतीच नंतर 'सुधारली' तर काय म्हणायचं?

दोन उदाहरणं. माइल्स डेव्हिसचा जॅझ अल्बम 'काइंड ऑफ ब्लू', 1959. मार्च आणि एप्रिलमध्ये दोन बैठकांत ध्वनिमुद्रण झालं. मार्चच्या बैठकीच्या वेळी टेप मशीन किंचित मंद फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तबकडीवर जरा चढ्या सुरात गेली. त्या रेकॉर्डबरोबर वाजवायला बसणाऱ्यांचे स्वर जुळायचे नाहीत. 1992 च्या आवृत्तीत हे दुरुस्त केलं. म्हणजे तीसेक वर्षं जगाने ज्या 'सो व्हॉट'वर प्रेम केलं ते खरं तर वरच्या सुरात होतं.

दुसरं, 'द किलिंग जोक', 1988, बॅटमनचं. चित्रं ब्रायन बोलंडची, रंग जॉन हिगिन्सचे. भडक, आजारी वाटावेत असे जांभळे, नारिंगी, हिरवे. 2008 मध्ये बोलंडने स्वत: सगळं नव्याने रंगवलं. रंग थंड केले, आणि जोकरच्या भूतकाळाची पानं जवळपास कृष्णधवल करून त्यात मोजक्याच वस्तू लाल ठेवल्या. आता विकत मिळते ती बहुधा हीच आवृत्ती.

दोन्ही ठिकाणी मूळ हेतू परत आणला असंच सांगितलं गेलं. दोन्ही सारखंच मानायचं का?

कोमलऋषभ

माटुंगेकर, माझ्या मते अजिबात नाही. 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये माइल्सने, कोल्ट्रेनने, बिल एव्हन्सने जे वाजवलं ते एका पट्टीत होतं आणि यंत्राने दुसरं ऐकवलं. तो दोष होता, काढला, चांगलं झालं. कुणाचं काम पुसलं गेलं नाही.

'किलिंग जोक'मध्ये हिगिन्सचं काम पुसलं गेलं. हिगिन्सचे रंग हा काही छपाईचा दोष नव्हता, तो एका कलाकाराचा निर्णय होता. बोलंडची नवी पानं देखणी आहेत, भूतकाळातल्या त्या लाल वस्तूंवर नजर खिळते हे कबूल. पण बघा, भूतकाळ कृष्णधवल केला की वाचकाला आधीच सांगून टाकल्यासारखं होतं की ही आठवण आहे. मूळ रंगात आठवण आणि वर्तमान दोन्ही तितकेच बिघडलेले दिसायचे, आणि जोकर स्वत:च म्हणतो की त्याला आपला भूतकाळ दर वेळी वेगळा आठवतो. मला मूळ आवृत्तीच या गोष्टीच्या जास्त जवळची वाटते. निदान दोन्ही विकत मिळाव्यात एवढी तरी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

जुनीरद्दी

रंग भरणाऱ्याचं नाव निघालंच आहे तर मनातलं बोलतो. आपण सगळे अमर चित्रकथेवर वाढलो. 1967 साल, अनंत पै, हे सगळ्यांना पाठ. पण 'कृष्ण' कुणी काढला हे विचारलं तर किती जण राम वाईरकरांचं नाव घेतील? 'टिंकल'मधला सुप्पंडीही त्यांचाच. शिकारी शंभू वसंत हळब्यांचा. कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा. प्रताप मुळीकांनी अमर चित्रकथेसाठी किती अंक काढले, आणि पुढे राज कॉमिक्सच्या नागराजलाही रूप दिलं. ही सगळी आपली मराठी माणसं, आणि त्यांच्यावर मराठीत धड एक मोठा लेख सहज सापडत नाही.

तिरकिट

जुनीरद्दी, शंभर टक्के. संगीतातही तसंच. 'कॉल ऑफ द व्हॅली' म्हटलं की शर्मा-चौरसिया-काब्रा. माणिकराव पोपटकरांचं नाव वर आलं म्हणून बरं वाटलं. आणि तो अल्बम घडवून आणणारे एचएमव्हीचे जी. एन. जोशी, म्हणजे 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे जी. एन. जोशी! भावगीताच्या पहिल्या पिढीतला गायक. साडेतीन मिनिटांच्या तबकडीत गाणं बसवायला शिकलेला माणूस पुढे एलपीच्या दोन बाजूंवर दिवस बसवायचं काम हाती घेतो. कोमलऋषभ, बंधन आणि निर्णय यांत भांडण नाही हे तुमचं म्हणणं मला या माणसामुळे पटतंय. पण सुट्या तबकडीवरचं माझं प्रेम तसूभरही कमी होणार नाही हे नोंदवून ठेवतो.

ओजस_०५

मी इथे बहुतेक सगळ्यांपेक्षा लहान असेन. माझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही आणि कॉमिक्स मी मोबाईलवर वाचतो, एका वेळी एक चौकट मोठी करून. वरचं सगळं वाचून भारी वाटलं, पण मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? हजारो रुपयांचं सामान घेतल्याशिवाय हे अनुभवता येणारच नाही का? आणि कोरियन वेबटूनचं काय? त्यात तर पानच नसतं, नुसतं खाली सरकत जायचं.

कोमलऋषभ

ओजस, सामान अजिबात लागत नाही.

वेबटूनबद्दल आधी. ते मोबाईलसाठीच काढलेलं असतं, त्यामुळे तिथे काही हरवत नाही. दोन चित्रांमध्ये लांबलचक रिकामी जागा सोडून अंगठ्याला वाट बघायला लावतात, तेच त्यांचं पान उलटणं. हप्त्याच्या शेवटी अडकवून ठेवण्याची एर्जेची युक्तीही तिथे जशीच्या तशी आहे. अडचण येते ती पानासाठी काढलेलं चौकटी-चौकटीने वाचताना. 'वॉचमेन'चा तो पाचवा अंक एकेक चौकट मोठी करून वाचलास तर आरसा दिसणारच नाही, कारण तो दोन पानांच्या मांडणीत आहे. तेव्हा पूर्ण पान पडद्यावर मावेल असा टॅब कुणाचा तरी मागून घे, किंवा सरळ वाचनालय गाठ. मोठ्या शहरांतल्या बऱ्याच वाचनालयांत टिनटिन असतंच. 'तिबेट'पासून सुरुवात कर, आधीची पुस्तकं वाचलेली नसली तरी चालतं. चँग कोण एवढंच माहीत हवं, तो टिनटिनचा चीनमधला जुना मित्र.

गाण्यांसाठी पहिलं काम, शफल, म्हणजे गाणी कशाही क्रमाने लावणं, बंद. 2021 मध्ये गायिका अडेलने स्पॉटिफायला सांगून अल्बमच्या पानावरचं शफलचं बटण मागे हटवायला लावलं, ते याच कारणासाठी. दुसरं, बाजू कुठे संपते ते आधी बघून ठेव आणि तिथे स्वत:च्या हाताने थांबव. 'अ‍ॅबी रोड'मध्ये 'आय वाँट यू'नंतर. 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये 'ब्लू इन ग्रीन'नंतर. 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये पिलूनंतर, आणि पहाडीनंतर पूर्ण बंद. थांबल्यावर लगेच दुसरं काही लावू नकोस, पाणी पिऊन ये, खिडकीत उभा राहा, आणि मग पुढची बाजू.

गीतरामायण मात्र एका दमात ऐकू नकोस. रोज एक, क्रमाने. 'मात न तू वैरिणी'पासून 'तात गेले, माय गेली'पर्यंतची चार तर अनघाताईंनी वर लिहिलंय ते वाचून मगच ऐक.

ओजस_०५

धन्यवाद दादा. आज 'कॉल ऑफ द व्हॅली'ची यादी बनवली, फक्त पाच तुकड्यांची. सकाळी कॉलेजला जाताना पिलूपर्यंत ऐकेन, आणि दुसरी बाजू संध्याकाळी परत येताना. चालेल ना असं?

अनघा_स

ओजस, चालेल काय, उत्तम! भूप संध्याकाळीच लागेल तुला. ऐकून झालं की इथे लिही, आणि देस कसा वाटला ते जरूर सांग. मला त्या अल्बममध्ये तोच सगळ्यात जास्त आवडतो, आणि इथे अजून त्याच्याबद्दल कुणीच काही बोललेलं नाही.